दोन रांगांमधील जागा कोणाची?

(वेरूळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला येणारा रस्ता सुमारे तीस किलोमीटरचा आहे आणि त्याच्या निम्म्या वाटेवर दौलताबादच्या किल्ल्याची बाहेरची तटबंदी आडवी येते. या तटबंदीतील दिल्ली दरवाजा ज्यांनी बांधला त्यांचा हेतू शत्रूचे सैन्य एका वेळी थोडे थोडेच आत यावे हा होता, आणि तो हेतू दरवाजाने इतक्या शतकांनंतरही सोडलेला नाही. दोन मोठी वाहने एकाच वेळी त्यातून जाऊ शकत नाहीत. दरवाजा पाडून रस्ता रुंद करावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तसाच राहिला पाहिजे. परंतु श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला, सुटीच्या दिवशी लेणी पाहायला किंवा शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला लोक निघाले की दरवाजाच्या दोन्ही अंगांना वाहनांच्या रांगा लागतात. मोटारी थांबतात, एसटीच्या गाड्या थांबतात, उसाचे ट्रॅक्टर थांबतात. आणि त्यांच्यामधल्या फटीतून फटफटीवाले एकेक करून पुढे सरकत दरवाजाच्या तोंडाशी जाऊन उभे राहतात. मोटारीत बसलेल्याला हा माणूस रांग मोडणारा वाटतो. फटफटीवाल्याला मात्र आपण कोणाचीच जागा घेतली नाही असे प्रामाणिकपणे वाटते.

या दोघांत खरे कोणाचे, हा आजचा विषय. एवढ्या लहानशा प्रश्नावर अभ्यासवर्गातला वेळ का घालवावा, अशी शंका काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर आकड्यांतच आहे. केंद्र सरकारच्या वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे शेकडा ४४.५, दुचाकीवरची होती. पायी चालणारे ३२,८२५ होते. म्हणजे रस्त्यावर मरणाऱ्या दर शंभर माणसांतली चौसष्ट एक तर दुचाकीवर होती किंवा पायी चालत होती. मोटारीच्या पोलादी पेटीत सुरक्षित बसलेल्यांच्या मरणाचे प्रमाण यापुढे फारच थोडे आहे. देशात नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी असताना रस्त्याची आखणी, रस्त्यावरचे नियम आणि नियमांची अंमलबजावणी ही सारी मोटारीला प्रमाण मानून होते. ज्या प्रश्नात एवढ्या माणसांचे जीव आणि रोजचे दोन-दोन तास गुंतलेले आहेत तो लहान म्हणता येत नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३९ चा जुना कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या कलम ११८ ने दिलेल्या अधिकारात केंद्र सरकारने २०१७ मध्ये वाहने कशी चालवावीत याचे नवे विनियम केले. रस्त्यावर पट्टे आखलेले असतील तर चालकाने आपल्या पट्ट्यात राहावे, पट्टा बदलताना आधी इशारा द्यावा, पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडावे, असा त्यांचा आशय आहे. (सरकारी मराठीत या पट्ट्याला ‘मार्गिका’ म्हणतात, रस्त्यावरचा माणूस मात्र ‘लेन’च म्हणतो.) या विनियमांचा भंग करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १७७-अ नुसार किमान पाचशे आणि कमाल हजार रुपये दंड आहे. थांबलेल्या दोन रांगांच्या मधून दुचाकीने सावकाश पुढे जावे की नाही, याबद्दल वेगळी तरतूद मात्र नाही. परिणाम असा की रोज लक्षावधी लोक जे करतात ते कायद्याने मान्यही केलेले नाही आणि त्याला प्रत्यक्षात कोणी अडवीतही नाही. अशी संदिग्धता नेहमी सत्तेच्या बाजूने वळते. पोलिसाच्या मनात आले तर पावती, नाही तर नाही. आणि अपघात झाला तर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारणार की, तुम्ही दोन रांगांच्या मधे होता की नाही?

आता रस्त्याची मोजमापे घेऊ. कारण या प्रश्नावर आवाज चढवून बोलणारे बहुतेक जण मोजमाप घेत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली स्थापत्य अभियंत्यांची संस्था आहे. नावातल्या शब्दाने कोणी दचकू नये. निवडणुकीतल्या काँग्रेसशी तिचा संबंध नाही. तिच्या मानकाप्रमाणे रस्त्याचा एक पट्टा साडेतीन मीटर रुंद असतो. साधारण मोटार पावणेदोन मीटरच्या आत-बाहेर असते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत दोन मोटारी नीट मध्यभागी उभ्या असतील तर त्यांच्यामध्ये जवळजवळ पावणेदोन मीटर जागा उरते. मोटारसायकलचे हँडल पाऊण मीटरच्या आसपास. सावकाश जाणाऱ्याला ही जागा पुरेशी आहे. पण त्याच दोन पट्ट्यांत एक बस आणि एक मालमोटार उभी असेल, तर प्रत्येकीची रुंदी अडीच मीटरच्या वर जाते आणि मधे मीटरभरही जागा उरत नाही. तेथे शिरणे म्हणजे दोन चाकांच्या जात्यात हात घालणे होय. एकच कृती एका ठिकाणी सोयीची आणि दहा पावलांवर जीवघेणी असते, हे या प्रश्नातले पहिले सत्य आहे; म्हणून सरसकट बंदी आणि सरसकट मुभा, या दोन्ही मागण्या आळशी मनाच्या आहेत.

थांबलेल्या रांगेतली मधली जागा कोणीच वापरत नाही. मोटारीला ती वापरता येत नाही. दुचाकीवाल्याला ती नाकारून मोटारीच्या मागे उभे केले तर मोटारवाल्याचा काय लाभ? उलट तोटा आहे. वीस दुचाकी एकामागून एक रांगेत उभ्या केल्या तर प्रत्येकीला तीन-साडेतीन मीटर लांबी लागून रांग साठ-सत्तर मीटरने वाढते, आणि ती वाढलेली रांग मागच्या चौकाचे तोंड बंद करते. शिवाय ज्याला रांगेच्या शेपटाला उभे केले त्याच्या पाठीमागे काहीही नसते. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाची डुलकी मोटारीच्या डिकीवर पडली तर पत्रा चेपतो, माणसावर पडली तर माणूस चेपतो. मराठवाड्यातल्या वैशाखात पायांमध्ये तापलेले इंजिन आणि तोंडासमोर बसचा धूर घेऊन पाव तास उभे राहणे काय असते, हे वातानुकूलित मोटारीच्या काचेआडून कळत नाही.

परदेशांचा अनुभव येथे उपयोगी पडतो, पण जपून वापरला तर. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने जुलै २०१४ पासून रहदारी थांबलेली किंवा मंद असताना ताशी ३० किलोमीटरच्या आत दोन रांगांमधून जाण्याची मुभा दिली. शाळेच्या परिसरात मात्र ती नाही, आणि पदपथालगतच्या बाजूनेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ही प्रथा जुनीच होती. २०१६ मध्ये कायदा करून तिला मान्यता मिळाली. तेथील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारसायकलींच्या सुमारे सहा हजार अपघातांची छाननी केली. अपघाताच्या वेळी रांगांमधून जाणारे ९९७ होते. त्यांपैकी शेकडा १.२ मरण पावले. इतरांत हे प्रमाण शेकडा ३ होते. डोक्याला आणि छातीला इजा होण्याचे प्रमाणही कमी आढळले. हे आकडे पाहून आपल्याकडचे काही उत्साही लोक टाळ्या पिटतात. त्यांनी त्या अहवालाचा दुसरा भागही वाचावा. आजूबाजूच्या रहदारीपेक्षा स्वाराचा वेग ताशी पंधरा मैलांहून, म्हणजे सुमारे चोवीस किलोमीटरहून, अधिक असला की इजा झपाट्याने वाढते असे तो अहवाल सांगतो. शिवाय ही छाननी अपघात झाल्यानंतर इजा किती झाली याची आहे; रांगांमधून गेल्याने अपघात कमी होतात की वाढतात, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. फ्रान्सने २०१६ मध्ये अकरा जिल्ह्यांत प्रयोग सुरू केला. पाच वर्षांनी जमाखर्च मांडला तेव्हा प्रयोगाच्या रस्त्यांवर अपघात वाढल्याचे आढळले. सरकारने मुभा काढून घेतली, नियम सुधारून त्याच वर्षी पुन्हा प्रयोग केला आणि जानेवारी २०२५ मध्ये बांधील अटींवर ती मुभा कायम केली. प्रयोग करावा, मोजावे, चुकले तर मागे घ्यावे, सुधारून पुन्हा करावे: राज्यकारभाराची ही रीत आपल्याकडे दुर्मीळ आहे. आपल्याकडे एक तर अधिसूचना निघते किंवा मोहीम निघते, आणि दोन्ही पंधरा दिवसांत विसरल्या जातात.

परंतु सिडनी वा लॉस एंजेलिसचा नियम उचलून जसाच्या तसा वेरूळच्या रस्त्यावर ठेवता येत नाही, आणि याचे कारण बारकाईने समजून घेतले पाहिजे. तेथे ज्या दोन रांगांची चर्चा होते त्या एकाच दिशेने जाणाऱ्या रांगा असतात. शहरातल्या जालना रस्त्यावर तसे आहे. मधे दुभाजक आहे, एका बाजूला दोन-तीन रांगा आहेत. दौलताबादच्या दरवाजाजवळ तसे नाही. तेथे येण्याची एक रांग आणि जाण्याची एक रांग. ‘दोन रांगांच्या मधून’ म्हणजे तेथे आपल्या रांगेच्या आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या मधून. स्वार पुढे सरकतो, दरवाजा मोकळा दिसला की समोरच्या बाजूत शिरतो, त्याच्यामागे आणखी दहा शिरतात, त्यांच्यामागे एखादी रिक्षा आणि मग एखादी मोटारही. आणि दरवाजातून बाहेर पडणाऱ्या बसला जागाच उरत नाही. मग बस मागेही जाऊ शकत नाही, कारण तिच्या मागे दरवाजाच्या आत सारी रांग उभी असते. कोंडी झाली ती अशी. हे रांगांमधून जाणे नव्हेच. हे समोरच्याची वाट बळकावणे आहे. ज्या मोकळ्या जागेवर कोणाचाच हक्क नव्हता ती वापरणे एक, आणि ज्या जागेवर समोरून येणाऱ्याचा हक्क आहे ती घेणे दुसरे. दुचाकीवाल्याची बाजू घेणाऱ्याने हा भेद सोडला तर त्याची सारी भूमिका कोसळते. घाटात तर हा भेद जीवनमरणाचा होतो. दौलताबाद ओलांडून वर चढताना, किंवा पुढे कन्नडच्या औट्रम घाटात, वळणावर थांबलेल्या मालमोटारींच्या उजवीकडून डोके पुढे काढणारा स्वार समोरून उतरणाऱ्या गाडीला दिसतच नाही. तेथे मुभा मागू नये. मागितली तर ती नाकारावी.

मालमोटारीविषयीही तसेच. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला डाव्या दाराच्या खालचा आणि पुढच्या बंपरच्या लगतचा भाग दिसत नाही. सिग्नल सुटताना डावीकडे वळणाऱ्या मालमोटारीच्या अंगाशी उभा असलेला स्वार तिच्या मागच्या चाकाखाली सापडतो. यात चालकाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही, आणि जमावाने त्याला मारहाण केल्याने पुढचा अपघात टळत नाही. चालकही श्रमिकच आहे.

आक्षेप घेणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार आहे. रांगेत थांबणे हा लोकशाहीचा प्राथमिक संस्कार आहे. शिधावाटप दुकानासमोर, तिकीट खिडकीसमोर, दवाखान्यात जो रांग मोडतो तो दुबळ्याला मागे लोटतो. मग रस्त्यावर रांग मोडण्याचे समर्थन समाजवादी कसे करू शकतात? मुद्दा नैतिक आहे आणि त्याला तांत्रिक उत्तर पुरणार नाही. पण रांगेचे मूल्य कशात आहे ते पाहावे. शिधावाटपाच्या रांगेत पुढे घुसणारा मागच्याचा वेळ घेतो आणि कदाचित त्याची साखरही. थांबलेल्या मोटारींच्या मधून सिग्नलच्या रेषेपर्यंत जाऊन उभा राहणारा दुचाकीस्वार हिरवा दिवा लागताच दोन-तीन सेकंदांत निघून जातो. मागच्या मोटारीचा वेळ त्याने घेतला नाही. जेथे तो मागच्याचा किंवा समोरच्याचा वेळ घेतो, तेथे आक्षेप पूर्ण लागू आहे. आणि रांगेचीच भाषा करायची तर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे: रांगेत प्रत्येकाला जागा किती मिळते? शिध्याच्या रांगेत श्रीमंत आणि गरीब दोघेही एक-एक हात जागा व्यापतात. रस्त्याच्या रांगेत मोटारीतला एकटा माणूस ज्या जागेवर बसून येतो त्या जागेत चार फटफटीवाले किंवा बसमधले दहा-बारा प्रवासी मावतात. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्याचे असे वाटप कोणत्या सभेत मंजूर झाले?

अभियंते रस्त्याची क्षमता मोजण्यासाठी प्रत्येक वाहनाला मोटारीच्या पटीत वजन देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या हिशेबात मोटार म्हणजे एक एकक, मोटारसायकल अर्धे, बस तीन. पन्नास माणसे मोटारीतून दोन-दोन बसून निघाली तर पंचवीस एकके लागतात. तीच दुचाकींवरून दोन-दोन निघाली तर साडेबारा. आणि एका बसमध्ये बसली तर तीन. या एका गणितात दुचाकीच्या भक्तांना आणि तिच्या निंदकांना दोघांनाही उत्तर आहे. मोटारीच्या मानाने फटफटी निश्चित काटकसरी आहे. पण बसच्या मानाने तीही उधळी आहे. म्हणून दोन रांगांमधली जागा फटफटीला मिळावी असे म्हणणाऱ्याने तिच्याआधी बसची मागणी केली नाही, तर त्याचे राजकारण अपुरे ठरेल.

हे सारे या जिल्ह्यात विशेष जाणवते. ज्या शहराच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि जेथून लाखो स्कूटर-मोटारसायकली देशभर गेल्या, त्या शहराचा कामगार स्वतः कामाला कसा जातो? एक वसाहत पश्चिमेला वाळूजला, दुसरी पूर्वेला चिकलठाण्याला, तिसरी त्याच्याही पुढे शेंद्र्याला. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला पाळी बदलण्याच्या वेळी शहर आरपार ओलांडावे लागते. मोठ्या कारखान्यांच्या कायम कामगारांसाठी कंपनीची बस असते. कंत्राटी कामगाराच्या वाट्याला बहुधा ती येत नाही. महानगरात स्मार्ट सिटी योजनेतून २०१९ च्या सुमारास बससेवा पुन्हा उभी राहिली हे चांगले झाले, पण एवढ्या विस्तारलेल्या शहराला त्या गाड्या पुरणाऱ्या नव्हत्या. खेड्यांतून येणाऱ्यांना एसटीचा आधार असे. २०२१-२२ च्या संपात महिनोन्‌महिने गाड्या बंद राहिल्या तेव्हा तो आधार किती मोलाचा होता ते कळले. अशा स्थितीत हप्त्यावर घेतलेली फटफटी ही कामगाराची चैन नव्हे. शासनाने न पुरविलेल्या बसची ती किंमत आहे, आणि ती किंमत तो स्वतःच्या पगारातून, पेट्रोलवरच्या कराने आणि प्रसंगी हाडांनी भरतो.

त्याला बंद असलेले रस्ते मात्र वाढत आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. मुंबईत वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, किनारी रस्त्यावर आणि २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून, दौलताबादजवळच्या माळीवाड्यावरून जातो. त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्याला आपल्या फटफटीवरून त्या रस्त्यावर चढता येत नाही. ताशी शंभर-एकशेवीसच्या वेगाने मोटारी धावतात तेथे दुचाकी नसावी, हे सुरक्षेच्या दृष्टीने रास्तच आहे. ती बंदी उठवा अशी मागणी शहाणपणाची नाही. परंतु अतिवेगाचा नवा रस्ता एका वर्गासाठी राखून ठेवला की उरलेल्या जुन्या रस्त्यावर उरलेल्यांचा हक्क वाढला पाहिजे, एवढे तरी मान्य व्हावे. घडते ते उलट. जुना रस्ता दुर्लक्षित राहतो, त्याच्या कडा खचतात, आणि त्याच्यावरच्या दुचाकीवाल्याला ‘शिस्त’ शिकवण्याच्या मोहिमा निघतात.

घरोघरी माल आणि जेवण पोहोचविणाऱ्या तरुणांविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. दहा मिनिटांत माल दारात, अशी जाहिरात कंपन्यांनी केली. ती दहा मिनिटे कोणाच्या अंगावर काढायची हे जाहिरातीत लिहिलेले नव्हते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची व्याख्या प्रथमच केली. पण त्यांच्या फेरीला किती वेळ द्यावा हे ठरविण्याचा अधिकार मोबाइलमधल्या गणिताकडेच राहिला. हा मुलगा पदपथावरून, उलट दिशेने, दोन बसच्या मधून जातो तेव्हा त्याच्या हातात पाचशे रुपयांची पावती ठेवून सरकार मोकळे होते. त्याला मुभा दिली तर कंपनी त्याची मुदत आणखी दोन मिनिटांनी कमी करील, अशी भीती अनाठायी नाही. म्हणून रांगांमधून जाण्याची मुभा मागताना वेळेची सक्ती करणाऱ्या मालकावर जबाबदारी टाकण्याची मागणी तिच्याबरोबर जोडलेली असली पाहिजे. एकटी मुभा मालकाच्या खिशात जाईल.

हेल्मेटचे काय, असे विचारले जाईल. पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध वेळोवेळी चळवळ झाली आणि काही पुरोगामी मंडळीही तीत होती. त्या चळवळीतल्या युक्तिवादांची येथे उजळणी नको. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले, एवढे पुरे आहे. रांगांमधून जायचे असेल तर डोक्यावर हेल्मेट हवे, मागे बसणाऱ्याच्याही.

मग मागावे काय? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते; तिच्यापुढे नेण्याजोगे मुद्दे फार नाहीत. दुभाजक असलेल्या शहरी रस्त्यांवर, रहदारी थांबलेली किंवा अगदी मंद असताना, ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत दोन रांगांमधून जाण्यास प्रायोगिक मुभा असावी. ताशी तीसच्या वेगाने जाणारा स्वार एका सेकंदात आठ मीटरहून अधिक अंतर कापतो. मोटारीचे दार उघडायला एक सेकंदही लागत नाही. म्हणून वेगाची मर्यादा ही या मुभेची अट नसून तिचा प्राण आहे. जड वाहनांच्या शेजारून, घाटात, शाळेजवळ आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मुभा नसावी. सिग्नलच्या रेषेपुढे, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांच्या अलीकडे, दुचाकींना उभे राहण्यासाठी वेगळी चौकट आखावी. तैवानमधील शहरांत अशा चौकटी जागोजागी आहेत. रंगाच्या खर्चापलीकडे त्यांना काही लागत नाही. मलेशियाने तर १९७० च्या दशकातच क्वालालंपूरच्या मोठ्या महामार्गाला मोटारसायकलींसाठी स्वतंत्र वाट जोडली. मलेशिया तेव्हा श्रीमंत देश नव्हता. विनियमांत बदल करणे केंद्राच्या हाती आहे, तेव्हा खासदाराला गाठावे लागेल. चौकट आखणे मात्र महापालिकेच्या हाती आहे आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

दौलताबादच्या दरवाजासाठी उपाय वेगळा आहे. तेथे गर्दीच्या दिवशी दोन्ही बाजूंना माणसे उभी करून आळीपाळीने वाहने सोडावीत, आणि प्रत्येक पाळीच्या प्रारंभी डाव्या कडेला जमलेल्या दुचाकींना आधी जाऊ द्यावे. उजवीकडे शिरणाऱ्याला मात्र परत पाठवावे. सुटीच्या दिवशी शहरातून वेरूळपर्यंत जादा एसटी सोडून निम्म्या मोटारी शहरातच थांबवता आल्या तर याहून बरे. यात एक अपवाद आहे. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री शहरातून हजारो स्त्री-पुरुष भद्रा मारुतीकडे पायी निघतात. म्हातारी माणसे असतात, कडेवर मुले घेतलेल्या बाया असतात. त्या वेळी डावी कड त्यांची आहे. मोटारीला जी जागा फुकट वाटते ती फटफटीवाल्याची असते आणि फटफटीवाल्याला जी फुकट वाटते ती बहुधा पायी चालणाऱ्याची असते. हे ध्यानात ठेवून त्या रात्री दुचाकी सर्वांच्या मागे थांबली तर तक्रार करू नये.

समितीपुढे जाताना हातात आकडे असावेत. जालना रस्त्यावरच्या एखाद्या चौकात सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी तासभर उभे राहून मोजणी करावी: कोणत्या रांगेत किती वाहने थांबली, त्यांत किती माणसे होती, किती दुचाकी मधून पुढे गेल्या, किती पदपथावर चढल्या, पादचाऱ्याला रस्ता ओलांडायला किती वेळ लागला. चार कार्यकर्ते आणि चार वह्या यांना पुरतात. सलग तीन दिवस मोजावे, त्यांतला एक शनिवार असावा. बसमधली माणसे रस्त्यावरून नीट मोजता येत नाहीत. त्यासाठी पाचवा माणूस अलीकडच्या थांब्यावर उभा करावा.